माझ्या पेटीतल्या चित्रकथा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या मंडळात मी हळदीकुंकवाची तबके फिरवली, सतरंज्या घातल्या, सहलीचे हिशेब ठेवले. पण उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पुढे शाळा सुटली आणि संसार मागे लागला. त्यामुळे भाषण म्हणावे असे काही मला जमायचे नाही. आपण स्वयंपाकघरात बसून बोलतो तसेच बोलेन, ते गोड मानून घ्या.

चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या त्या पेटीविषयी बोला." मी दोन दिवस टाळले. कारण पेटीविषयी बोलायचे म्हणजे माझ्या हातून घडलेली एक चूक आधी सांगायला हवी. ती मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. पण आज सांगते.

पंधरा वर्षे झाली असतील. दिवाळीची आवराआवर चालली होती. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या जुन्या वह्या मी रद्दीसाठी बाजूला काढत होते, तर एक दोनशे पानी वही अशी निघाली की तिच्यात अभ्यासाचा एक शब्द नाही. पानापानावर चौकटी आखलेल्या आणि चौकटीत चित्रे. एक बिबट्या कांद्याच्या चाळीत शिरला आहे, बाहेर माणसे जमली आहेत आणि माझे सासरे काठी घेऊन पुढे निघाले आहेत. सासऱ्यांचे धोतर, मिशा, खांद्यावरचा पंचा, सगळे ओळखू येत होते. मी मात्र ते पाहून संतापले. वह्यांना पैसे पडतात, आणि हा चित्रे काढत बसतो! त्याला न विचारता ती वही मी रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली आणि रद्दीवाल्याने ती तागडीत घातली. संध्याकाळी मुलाने दप्तर शोधले, कपाट शोधले. मग माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही बोलला नाही. त्यानंतर त्याने घरात चित्र काढलेले मी पाहिले नाही.

तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही, हे खरे सांगते. वाटले ते आठ वर्षांनी. माझ्या भावाची मुलगी पुण्याला चित्रकला शिकत होती. मे महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली. तिच्या पिशवीत एक लहानसे पुस्तक होते, सोळा पानांचे, मध्ये दोन पिना मारलेले. तिच्या वर्गातल्या मुलीने ते स्वतः काढलेले, स्वतः छापलेले. किंमत पन्नास रुपये. आत एक आजी पापड लाटते आहे, एवढीच गोष्ट. शब्द एकही नाही. पानागणिक आजीचे हात म्हातारे होत जातात आणि शेवटच्या पानावर लाटणे नातीच्या हातात असते. मागे पेन्सिलीने लिहिले होते, 17/100. मी भाचीला विचारले, "हा आकडा कसला?" ती म्हणाली, "आत्या, शंभरच प्रती काढल्या, त्यांतली ही सतरावी." मी म्हटले, "अशी पुस्तके लोक विकत घेतात?" ती म्हणाली, "घेतात आणि जपूनही ठेवतात."

भगिनींनो, ते पुस्तक हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. माझ्या मुलाच्या वहीची तर एकच प्रत होती.

त्या दिवसापासून मी अशी पुस्तके जमवू लागले. साडीला फॉल-पिको करून माझे जे चार पैसे सुटतात, त्यांतले महिन्याला दोनशे रुपये मी यासाठी ठेवते. एखाद्या महिन्यात काहीच घेत नाही, मग पुढच्या महिन्यात मोठे पुस्तक घेता येते. आज माझ्या पेटीत त्रेसष्ट पुस्तके आहेत.

आता ही पुस्तके म्हणजे काय, ते सांगते. चित्रकथा आपल्याला नवीन नाहीत. माझ्या लहानपणी माहेरी 'चांदोबा' यायचा. मराठीत तो 1952 साली सुरू झाला होता. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली निघाली. त्यांतला वेताळ आणि जादूगार मँड्रेक आमच्या भावाला तोंडपाठ होते. ती 1990 साली बंद पडली. अनंत पै यांनी 1967 साली 'अमर चित्र कथा' सुरू केली, ती तर घरोघरी गेली. ही सगळी मोठ्या छापखान्यातली पुस्तके. हजारोंनी छापायची आणि स्टेशनवर, पेपरवाल्याकडे मिळायची. मी जमवते ती निराळी. त्यांत गोष्ट सुचणारा, चित्र काढणारा, छापणारा आणि विकणारा पुष्कळदा एकच माणूस असतो, नाही तर दोघेतिघे मित्र किंवा एखादे लहानसे प्रकाशन. प्रती शंभर, दोनशे, फार तर हजार-दोन हजार. अमुक गोष्ट काढ, अमुक काढू नको, असे सांगणारा वर मालक नसतो. म्हणून एरवी कुणी छापणार नाही ते त्यांत येते. आजीचे हात येतात, आणि घरात दाबून ठेवलेले दुःखही येते.

पुस्तक तयार होते तेही पाहण्यासारखे आहे. एक कागद मध्ये दुमडला की त्याची चार पाने होतात. म्हणून या पुस्तकांची पाने नेहमी चाराच्या पटीत, आठ, बारा, सोळा. कागद एकात एक घालायचे, मध्ये पिना मारायच्या, नाही तर सुईदोऱ्याने दोन टाके घालायचे. काही जण झेरॉक्स काढतात, काही जण लग्नपत्रिका छापतात तशी जाळीच्या चौकटीतून शाई ओढून छापतात. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. रंग जरा सरकला की बाहुलीची टिकली कपाळाच्या बाहेर जाते. एकीसारखी दुसरी प्रत नसते. आपल्या हाताच्या दोन पुरणपोळ्या तरी कुठे सारख्या होतात?

आता कुणी म्हणेल, हे शहरातल्या मुलांचे नवे फॅड आहे. मलाही तसेच वाटे. पण मंडळाची कोकणची सहल आठवते ना? कुडाळजवळ पिंगुळीला आपण थांबलो होतो. तुम्ही बहुतेक जणी काजू आणि आमसुले घेत होतात, तेव्हा मी आणि दोघीजणी ठाकर आदिवासी कलांगण पाहायला गेलो. गुरांच्या गोठ्यात मांडलेले ते संग्रहालय आहे. परशुराम गंगावणे यांनी ते उभे केले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे मी चित्रकथी पाहिली. ठाकर समाजाची ही जुनी कला. रामायणातला, महाभारतातला एकेक प्रसंग एकेका सुट्या कागदावर रंगवायचा, सगळ्या कागदांचा गठ्ठा करायचा आणि त्याला पोथी म्हणायचे. नवरात्रात देवळात बसून एकेक चित्र लोकांपुढे धरायचे आणि वाद्यांच्या साथीवर ती कथा गायची. सावंतवाडीच्या भोसल्यांचा या कलेला आश्रय होता. चित्र पाहत कथा ऐकायला अक्षरओळख लागत नाही, म्हणून ती सगळ्या गावाची झाली.

तिथे कळलेली एक गोष्ट मनातून जाईना. पोथी देवासारखी मानलेली, त्यामुळे चित्रे फाटली, विटली की ती पाण्यात सोडायची रीत होती. त्यांत भक्तिभाव होता, त्याला मी नावे ठेवत नाही. पण अशी किती चित्रे पाण्यात गेली असतील! जी वाचली ती कुणीतरी वेळेवर ठेवून घेतली म्हणून वाचली. पुण्यात दिनकर केळकर यांनी असेच केले. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करीत. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या वाड्यांतून दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या, जुनी चित्रे गोळा केली. त्यांत चित्रकथी पद्धतीची चित्रेही आहेत. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी ते संग्रहालय केले आणि पुढे महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. मी ते पाहिले तेव्हा अडकित्त्यांपुढे उभी राहिले आणि मनात म्हटले, असले अडकित्ते तर आपण मोडीत घातले.

आता पेटीतली काही पुस्तके सांगते. पहिले 'रिव्हर ऑफ स्टोरीज', म्हणजे कथांची नदी. ओरिजित सेन यांनी ते काढले. 1994 साली कल्पवृक्ष या संस्थेने छापले, तेही थोड्याच प्रतींत. नर्मदेवरच्या धरणाची आणि तिथल्या आदिवासींची ती गोष्ट आहे. आपल्या नंदुरबारची गावेही त्या पाण्याखाली गेली, मणिबेलीचे नाव तुम्ही ऐकले असेल. भारतातली ही पहिली मोठी चित्रकादंबरी म्हणून ओळखतात. पुढे कित्येक वर्षे तिची प्रत मिळत नसे. मग 2022 साली चेन्नईच्या ब्लाफ्ट या लहान प्रकाशनाने ती पुन्हा काढली. माझ्याकडे आहे ती ही नवी प्रत. त्यात एक गाणारा आहे, तो वाद्य घेऊन सृष्टी कशी झाली ते गातो. आपल्या तालुक्यात डोंगऱ्यादेवाच्या दिवसांत रात्रभर गाणी ऐकलेल्या बाईला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आणि चणकापूर, पुनंद यांचे पाणी पिणाऱ्या आपण. धरणाला दोन काठ असतात, एकावर ओलिताची शेते आणि दुसऱ्यावर उठलेली घरे, हे त्या पुस्तकाने मला दाखवले.

दुसरे 'भीमायन'. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने 2011 साली काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजाच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या जोडप्याची. या दोघांनी सांगितले, आम्ही माणसांना चौकटीत कोंडणार नाही. म्हणून पुस्तकात चौकटीच नाहीत. त्यांच्याकडे भिंतीवर आणि अंगणात जी नक्षी काढतात, तिनेच पाने विभागली आहेत. सौम्य माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिले आहे आणि जहरी बोलणे ज्या आकारात आहे त्याला विंचवाची नांगी आहे.

याच पुस्तकाची घरातली एक गोष्ट सांगते. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. दुपारी त्या ओसरीवर बसतात. एक दिवस मी भीमायन चाळत होते, त्यांनी ते हातातून घेतले आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हाऊ इखारी बोली ऱ्हायना." इंग्रजी मजकूर मलाही पुरता लागत नव्हता, आणि त्यांनी नांगी पाहून ओळखले होते. मग मी पाने उलटत गेले आणि त्या सांगत गेल्या. तहानलेला मुलगा, पाणी न देणारी माणसे. शेवटी पुस्तक मिटून त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी विहिरीवर काही बायका बाजूला उभ्या राहायच्या आणि कुणीतरी वरून त्यांच्या हंड्यात पाणी ओतायचे. "मीबी ओतेल शे," एवढेच बोलल्या आणि आत गेल्या. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, पण हे त्यांच्या तोंडून कधी आले नव्हते. महाडचा सत्याग्रह 1927 चा, आपल्या नाशिकचा काळाराम मंदिराचा 1930 चा, येवल्याची घोषणा 1935 ची. ही साले शाळेतली मुले पाठ करतात. पण एका चित्राने म्हातारीच्या मनातली विहीर उघडी केली.

त्याच प्रकाशनाने त्याच वर्षी जोतिबांच्या 'गुलामगिरी'वरही चित्रकथा काढली. मूळ ग्रंथ 1873 चा. श्रीविद्या नटराजन यांनी लिहिले आणि अपराजिता निनान यांनी काळ्यापांढऱ्या रंगात काढले. त्यात सावित्रीबाई आहेत. मुंबईचे अभिजीत किणी यांची 'अँग्री मावशी' 2012 साली निघाली. नऊवारी नेसलेली मावशी भ्रष्ट पुढाऱ्यांना चोप देते. ती वाचून आमचे हे इतके हसले की त्या दिवसापासून "रद्दी विकत घेतेस" असे म्हणणे त्यांनी सोडून दिले. आपल्या शेजारच्या वारली लोकांचेही एक पुस्तक आहे. ते कॉमिक नव्हे, चित्रपुस्तक आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेले, त्याचे नाव 'डू!'. हेंगाडी आणि धडपे या दोन जोडप्यांनी मिळून चित्रे काढली. खाकी कागदावर पांढऱ्या शाईने हाताने छापले आहे. नाकाला लावले तर शाईचा वास येतो.

आणि दोन पुस्तके अशी आहेत की ती मी पेटीच्या तळाशी ठेवते, लहान मुलांच्या हाती देत नाही. एक 'हश', म्हणजे चूप. बंगळूरच्या मंटा रे या लहान प्रकाशनाने 2010 साली काढले. शाळकरी मुलीवरच्या अत्याचाराची कथा, पण पुस्तकभर एक शब्द नाही. ती मुलगी बोलू शकली नाही, म्हणून पुस्तकही बोलत नाही. दुसरे 'ड्रॉइंग द लाइन'. 2012 च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडले, त्यानंतर चौदा तरुण मुली एकत्र बसल्या आणि प्रत्येकीने आपली चित्रकथा काढली. झुबान या स्त्रियांच्या प्रकाशनाने ते 2015 साली छापले. त्यात कुणाच्या रंगावरून बोलणारे नातेवाईक आहेत, कुणाला रस्त्यावर सोसावे लागलेले आहे. माझी भाची इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आत्या, हे माझ्याही बाबतीत झालं आहे." त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत जागलो. पुस्तक हातात नसते तर ती बोलली नसती, आणि मी विचारले नसते.

परदेशातही ही पुस्तके अशीच घरातून निघाली. अमेरिकेत रॉबर्ट क्रंब यांनी 1968 साली 'झॅप' काढले, ते त्यांनी आणि त्यांच्या बायकोने बाबागाडीत घालून रस्त्यावर विकले असे सांगतात. न्यूयॉर्कला फ्रान्स्वाज मूली या बाईंनी आपल्या राहत्या जागेत छपाईचे यंत्र आणून बसवले आणि नवरा आर्ट स्पीगलमन यांच्याबरोबर 1980 साली 'रॉ' नावाचे मासिक सुरू केले. एका अंकाच्या प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा त्यांनी हाताने फाडला होता. याच मासिकातून स्पीगलमन यांची 'माउस' ही कथा क्रमशः आली. हिटलरच्या छळातून वाचलेल्या आपल्या वडिलांची हकीकत त्यांनी उंदरामांजरांच्या रूपाने सांगितली. तिला 1992 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. जपानात 1975 साली अशा पुस्तकांचा पहिला मेळा भरला, तेव्हा आलेल्यांत शाळकरी मुलीच जास्त होत्या. आपल्या मुंबईतही 2017 साली अशा लहान पुस्तकांचा मेळा भरला. सतरंजीवर पुस्तके मांडून काढणारेच विकायला बसतात, आपण आनंदमेळ्यात चकल्या मांडतो तसे.

आता पेटी कशी सांभाळते ते सांगते, कारण हे तुम्हांला तुमच्या घरच्या कागदपत्रांनाही उपयोगी पडेल. पेटी पत्र्याची आहे, लाकडाच्या पेटीला वाळवी लवकर लागते. ती भिंतीपासून चार बोटे पुढे, चार विटांवर ठेवते. पुस्तके आडवी ठेवते, उभी ठेवली की पातळ पुस्तक कमरेत वाकते. जुन्या धोतराचे धुतलेले कापड मध्ये घालते, पण खळ घातलेले नव्हे, कारण खळ खायला कसर येते. कडुनिंबाचा पाला पुरता वाळवून पुरचुंडीत ठेवते. ओला पाला ठेवलात तर त्यालाच बुरशी येते. पावसाळा संपला की एक दिवस सगळी पुस्तके बाहेर काढून सावलीत वारा देते. उन्हात मांडू नका, रंग उडतो. पान फाटले तर चिकटपट्टी लावू नका. ती पुढे पिवळी पडते आणि कागदालाही खाते. पिनेला गंज चढला तर ती हलकेच काढून त्याच भोकांतून पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घालते. आपल्याला शिवण येते, त्याचा हा उपयोग. नाव घालायचे ते पेन्सिलीनेच. आणि पुस्तक काढण्याआधी हात धुवून कोरडे करायचे, हळदीचा डाग जात नाही हे मी तुम्हांला काय सांगावे.

प्रत्येक पुस्तकाची नोंद एका वहीत आहे. नाव, काढणाऱ्याचे नाव, साल, कितीतली कितवी प्रत, किंमत आणि ते माझ्याकडे कसे आले. शक्य तेव्हा काढणाऱ्याकडूनच घेते, म्हणजे पैसे त्याच्या हातात पडतात. झेरॉक्स काढून वाटत नाही. शंभर प्रती विकून ज्याचा कागदाचा खर्च जेमतेम निघतो, त्याच्या पुस्तकाची फुकट प्रत काढणे मला बरे वाटत नाही.

कुणी विचारते, पुढे याला भाव येईल का? येईलही, नाहीही. भावासाठी घ्यायचे तर सोने घ्यावे. मी ती घेते कारण न ठेवली तर ती राहत नाहीत. हजारोंनी छापलेले पुस्तक एकीने फेकले तरी दुसरीकडे असते. पन्नास प्रतींतल्या दहा घरांनी रद्दीत घातल्या, दहा पावसात गेल्या, की ते पुस्तक संपत आले.

आणि हे फक्त चित्रकथांचेच आहे असे नाही. या वर्षी स्मरणिकेचे काम निघाले तेव्हा आपण मंडळाच्या पहिल्या स्मरणिकेची प्रत शोधली. घरोघर विचारले. अखेर एका वन्संकडे पापडाच्या डब्याच्या तळाशी घातलेली चार पाने मिळाली, तेलाने पारदर्शक झालेली. त्यांत दोन पाककृती आणि अर्धे मनोगत आहे. ते मनोगत कुणाचे, हे आता कुणालाच सांगता येत नाही. भगिनींनो, आपली स्मरणिका म्हणजे तरी काय? थोड्या प्रती, आपणच लिहिणार, आपणच वाटणार. ती आपणच जपली नाही तर दुसरे कोण जपेल?

म्हणून माझी दोन मागणी आहेत. मंडळाच्या खोलीतल्या कपाटाचा एक खण मला द्या. आपल्या प्रत्येक स्मरणिकेच्या दोन प्रती तिथे ठेवू, आणि माझ्या पेटीतली पुस्तकेही तिथे वाचायला ठेवीन. ज्या मुलींना घरी बोलता येत नाही त्या निदान तिथे बसून पाहतील. तळाची दोन पुस्तके माझ्याकडे मागायची, मी बरोबर बसून दाखवीन. आणि दुसरी मागणी, या दिवाळीला वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा आणि ज्याची वही त्याला विचारा.

माझा मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे, नाशिकला कारखान्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत धीर करून मी त्याला विचारले, "तुला ती बिबट्याची वही आठवते का रे?" मला वाटले, म्हणेल विसरलो. तो म्हणाला, "आठवते ना, आई. त्यात बिबट्या पकडलाच नव्हता. गोष्ट अर्धीच राहिली होती." मी म्हटले, "माझं चुकलं." तो हसला, म्हणाला, "जाऊ दे." पण दोन महिन्यांनी टपालाने त्याच्याकडून एक पाकीट आले. आत नाशिकच्या कुणा मुलाने काढलेली आठ पानांची चित्रकथा होती. सोबत चिठ्ठी, "तुझ्या पेटीसाठी." पेटीतले ते त्रेसष्टावे.

माझ्या नोंदवहीत पहिल्या ओळीवर मात्र पुस्तक नाही. तिथे लिहिले आहे, "कांद्याच्या चाळीतला बिबट्या. प्रती एक. सध्या नाही." ती ओळ मी खोडलेली नाही. पुढच्या रकान्यांत थोडी जागा सोडून ठेवली आहे. त्याला वाटले तर गोष्ट पुरी करील.